'मानधनाचं बघू'

मुलाखतींच्या भाषांतरासाठी एका संस्थेचा फोन आला. "तुमच्याच समाजाचं काम आहे, मानधनाचं बघू." हे 'बघू' आपल्या जुन्या ओळखीचं. बलुतं रयतेच्या मर्जीवर असे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायदा दुरुस्तीचं विधेयक मांडलं, त्यातही प्रश्न मोबदल्याचाच होता.

आता मी हिशेब आधी सांगते. भाडं, जेवण, घरी पाठवायचे पैसे धरून महिन्याला ४०,००० लागतात. मेल, बिलं, वसुली वगळता विकता येतात ८० तास. म्हणजे तासाला ५००. ज्यांच्या घरून पैसे येतात त्यांना ३०० परवडतात, आणि त्यालाच 'बाजारभाव' म्हणतात! वस्तीतल्या पोरांचे अर्ज मी फुकट लिहिते. पण ते मी ठरवते.

संस्थेला दर कळवलाय. उत्तर नाही.