मशेरीचं काय?

विरार फास्टच्या लेडीज डब्यात पोट दिसायला लागलं की सीट मिळते. सल्ले फुकट. पपई नको, हिल्स नको, रिक्षाचे धक्के नकोत. मशेरीबद्दल मात्र अवाक्षर नाही!

नालासोपाऱ्याची आमची ग्रुपमेंबर, पाचवा महिना. प्लॅटफॉर्मवर कुणी सिगारेट पेटवली तर नाक दाबून पळणारी. पण रोज सकाळी सासूबाईंच्या डबीतली मशेरी दातांना लावते. मी टोकलं तर म्हणे, ‘‘मळमळीला बरं पडतं गं. ती काय तंबाखू आहे?’’

आहे बाई. तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखूच. निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरतं, नाळेवाटे बाळाकडे जातं. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. धूर न काढता तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं, जन्म सहा दिवस आधी झाला. सहा दिवस म्हणजे किरकोळ? याच बायकांमध्ये ३२ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याची शक्यता जवळपास पाचपट होती. आणि यात बहुतेकींची तंबाखू म्हणजे मशेरीच. (लाइट सिगारेटवाल्या मैत्रिणींनो, तुम्हालाही सूट नाही.)

डॉक्टरांनी तिला पहिल्याच व्हिजिटला विचारलं होतं, ‘‘स्मोकिंग?’’ ती ‘‘नाही’’ म्हणाली. खरंच होतं ते.

पुढची व्हिजिट गुरुवारी. सोबत सासूबाई येणार आहेत. मशेरीचं नाव ती काढेल म्हणते, पण त्यांना आधी बाहेर बसवून.