आगीला लाइन क्लिअर

आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या काकूंनी भरताची वांगी गॅसवर धरली, की ती खबर मला चौथ्या मजल्यावर, माझ्या न्हाणीघरात मिळते. बामणोदचं वांगं असलं तर जरा लवकरच मिळते. निवृत्तीनंतरचे पहिले दोन हिवाळे मी हा भुसावळचा शेजारधर्म समजून वासाच्या पाठोपाठ खाली जेवायलाही गेलो. तिसऱ्या हिवाळ्यात मात्र अंगावर साबण असताना मनात शंका आली: हा वास चढतो कुठून?

बॅटरी घेऊन जिन्यातल्या वायरींच्या डक्टचं दार उघडलं. मीटरपासून गच्चीपर्यंत वायरी, पाइप, केबली, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक स्लॅबला ठेवलेलं भलंमोठं भगदाड. वाकून पाहिलं तर थेट तळमजल्यावर मीटरपाशी झोपलेलं मांजर दिसलं. तिथून माझ्या गीझरची वायर आत येते. वायर करंगळीएवढी आणि तिच्यासाठी पाडलेलं भोक नारळ जाईल एवढं. कोणाला वाटेल, हत्तीला दोर बांधायचा होता!

मी जन्म रेल्वेत काढला. आमच्याकडे दोन स्टेशनांमधल्या टप्प्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात. तो मोकळा असल्याची खात्री झाल्याशिवाय पुढच्या गाडीला लाइन क्लिअर मिळत नाही. इमारतीतही तेच असतं. विटेची भिंत आणि सिमेंटचा स्लॅब आगीला तास-दोन तास एकाच खोलीत थोपवून धरतात, तेवढ्यात माणसं बाहेर पडतात. पण त्या भिंतीला एक भोक उघडं राहिलं, की दोन तासांची भिंत दोन मिनिटांची होते. आम्ही आगीला प्रत्येक मजल्यावर लाइन क्लिअर देऊन ठेवली होती, तीही वरपासून खालपर्यंत नॉनस्टॉप.

हे मी सोसायटीच्या सभेत सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "भाऊ, तुम्ही रेल्वेतले, तुम्हाला सगळीकडे धूरच दिसतो." सभा हसली. मीही हसलो, कारण चहा यायचा होता.

गेल्या मे महिन्यात, भुसावळ नेहमीप्रमाणे पंचेचाळीसच्या वर तापलं असताना, सगळ्यांचे कूलर आणि एसी एकदम चालू होते आणि दुपारी मीटरजवळची वायर जळाली. आग बादलीएवढी. वॉचमनने वाळू टाकून विझवलीसुद्धा. पण धूर तोवर चौथ्या मजल्यावर पोचला होता. दुसऱ्या मजल्यावरच्यांना पत्ता नाही आणि आमचा जिना काळाकुट्ट! समोरच्या घरातल्या आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना खुर्चीत घालून आम्ही चार पायऱ्या उतरलो, काही दिसेना, श्वास लागेना, तसेच मागे फिरलो आणि माझ्या बाल्कनीत त्यांना टेकवलं. बऱ्याच वेळाने खोकला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "कोनाचं भरीत करपलं रे?" त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही.

९ डिसेंबर २०११ ला कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात आग लागली ती तळघरात. नव्वदच्या आसपास माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक वरच्या मजल्यांवर, धुराने गुदमरून. आग खालीच होती, धूर वर चढला.

आता कोणी म्हणेल, कायदे नाहीत का? आहेत की! राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ पासून सांगते आहे, की वायरींच्या शाफ्टला प्रत्येक मजल्यावर आगरोधक डाट भरा, स्लॅबइतका वेळ टिकेल असा. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आगीच्या बंदोबस्ताचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. आमच्याकडचे तपासनीस लाल नळकांडी पुसून जातात. डक्टचं दार त्यांनी कधी उघडलेलं मी पाहिलं नाही. आणि भोक कोणाचं? बिल्डर म्हणतो प्लंबरचं, प्लंबर म्हणतो इलेक्ट्रिशियनचं, इलेक्ट्रिशियन केबलवाल्याकडे बोट दाखवतो. भोक पाडायचा दर सगळ्यांच्या कागदावर असतो, बुजवायचा एकाच्याही नसतो. आपल्याकडे बारशाला सगळे येतात, खांदा द्यायला माणूस शोधावा लागतो, तसंच हे.

धुराच्या दिवसानंतर सेक्रेटरींनी उत्साहाने फोमचा डबा आणला. फसफसून फुगणारा, पिवळा, साधा फोम. मी त्यांना अमेरिकेची गोष्ट सांगितली. २२ मार्च १९७५. अलाबामातलं ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्र. केबलींच्या भोकातून हवा गळते का, हे कामगार मेणबत्ती धरून बघत होते. होय, मेणबत्ती! ज्योत हवेने आत ओढली गेली आणि भोकात कोंबलेल्या फोमनेच पेट घेतला. सोळाशेहून जास्त केबली निकामी झाल्या, आग विझायला सात तास लागले. अणू फोडता येणाऱ्यांना भोक बुजवता आलं नाही! सेक्रेटरी म्हणाले, "पण भाऊ, आपल्याकडे मेणबत्ती कुठंय?" मी त्यांना आपल्या लोडशेडिंगची आठवण करून दिली.

शेवटी सोसायटीची परवानगी न घेता मी माझ्या मजल्यापुरतं काम उरकलं. गुन्हा कबूल. जळगावहून जाणता माणूस आणला. त्याने स्लॅबच्या भगदाडात रॉकवूल दाबून भरलं, वरून आगरोधक लेप दिला. प्लास्टिकच्या पाइपला एक पट्टा घातला: आगीत पाइप वितळला की हा पट्टा आतल्या आत फुगतो आणि भोक मिटवतो. खर्च? एका बऱ्या साडीएवढा. हा हिशेब बायकोने मांडला. शिवाय भरताचा वासही बंद झाला, त्याबद्दल ती वेगळी नाराज आहे.

परवा सकाळी इंटरनेटचा मुलगा ड्रिल घेऊन हजर. "काका, नवीन केबल टाकायचीय. पाच मिनिटांचं काम."

"पाडशील. बुजवणार कोण?"

"ते आमच्याकडे नाही येत, काका."

मी ड्रिलचा प्लग काढला आणि त्याला आत चहाला बसवलं. सेक्रेटरी वर येईपर्यंत त्याचा तिसरा कप चालू होता.