त्या घरीही डबा जावा

शेजारच्या घरात कोणाला हृदयविकाराचा झटका आला, तर अर्ध्या तासात चार माणसे धावून येतात. कोणी गाडी काढतो, कोणी रुग्णालयात रात्र जागवतो, कोणाच्या घरून डबा जातो. मात्र त्याच घरातील तरुण मुलगा महिनोन् महिने खोलीबाहेर पडेनासा झाला, स्वतःशीच बोलू लागला, तर शेजारची दारे हळूच लोटली जातात. त्या घरी डबा जात नाही. त्या घराविषयीची कुजबुज तेवढी सर्वदूर जाते.

अशी घरे थोडी नाहीत. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य उपचारांपासून वंचित होते. याचे कारण केवळ डॉक्टरांची टंचाई नव्हे; लोकलज्जा हेही आहे. ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारे-धुपारे होतात, ‘लग्न झाले की येईल मार्गावर’ म्हणून आजार लपवून विवाह उरकले जातात आणि एका घराचे दुःख दोन घरांत वाटले जाते. आपल्या परंपरेचा दाखला देऊनच हे सारे चालते. वस्तुतः चरकसंहितेत उन्मादाच्या निदानावर आणि चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी उन्मादाला चिकित्सेचा विषय मानले, त्यांनी आज रुग्णाला लपवावे, हे शोभत नाही.

या उपेक्षेचे टोक देशाने पाहिले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तेथील मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवलेले होते. पळता न आल्याने २८ जण मृत्युमुखी पडले.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली, उपचार मिळणे हा त्याचा हक्क ठरवला. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा चालते. निराशेने ग्रासलेल्यास वा त्याच्या कुटुंबियांस तेथे अहोरात्र सल्ला मिळतो. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु कायदा शेजाऱ्याला हाक मारायला लावू शकत नाही. ते काम समाजाचेच आहे.

समाज ते करू शकतो, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया लपवला नाही. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपट त्यांच्याच पुढाकाराने आला आणि अनेक कुटुंबांना आपल्या घरातील आजाराचे नाव प्रथमच कळले. अशा संस्थांच्या स्वमदत गटांत रुग्णांचे आप्त एकमेकांचे ऐकून घेतात, धीर देतात.

प्रत्येक वस्तीत अशी संस्था लगेच उभी राहणार नाही. परंतु घरोघरी संपर्क ठेवणे हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्या कार्यकर्त्यांना पुढील गोष्टी अशक्य नाहीत. अशा घरी जावे; उपदेश न करता बसावे, ऐकावे. औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, एवढे आवर्जून सांगावे. कोणी जीव देण्याची भाषा बोलला, तर ती थट्टा समजू नये. त्याला एकटे न सोडता त्वरित वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. शुश्रूषा करणाऱ्या आईला आठवड्यातून दोन तास मोकळीक मिळेल, असे पाहावे. सावरलेल्या तरुणाला आपल्या दुकानात, कचेरीत झेपेल ते काम द्यावे. उत्सवाच्या निमंत्रणातून त्या घराला वगळू नये.

अशा मुलाच्या वृद्ध आई-वडिलांना रात्री एकच प्रश्न झोपू देत नाही : ‘आमच्यानंतर याचे काय?’ या प्रश्नाचे उत्तर एकट्या शासनाकडे नाही, एकट्या डॉक्टरकडेही नाही. ‘आम्ही आहोत’ असे शेजारच्या चार घरांनी म्हटले आणि ते आचरणात आणले, तरच त्या माउलीला झोप लागेल. समाजाला आपण कुटुंब म्हणतो. त्या शब्दाची परीक्षा नेमकी अशाच दारात होते.