हार्ड डिस्कची आवराआवर

‘फोटोंची जुनी हार्ड डिस्क फार हळू चालते. दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या. घ्यावी का?’ असं मिरजेच्या एका भगिनींनी विचारलं आहे. मैत्रिणींनो, पैसे काढण्याआधी डिस्क एकदा आवरून तर बघा!

डिस्कवर जागेचे लहान लहान कप्पे असतात, विंडोजमध्ये बहुधा 4 केबीचे. आपण जुने फोटो पुसतो तेव्हा मधले मधले कप्पे रिकामे होतात. मग लग्नाची मोठी चित्रफीत आली की तिला सलग जागा मिळत नाही; तिचे तुकडे फट दिसेल तिथे बसतात. यालाच फ्रॅगमेंटेशन म्हणतात. आतली तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते खरी, पण प्रत्येक तुकड्यासाठी वाचणाऱ्या दांडीला जागा बदलावी लागते. पुरणाची डाळ स्वयंपाकघरात, गूळ माळ्यावर आणि वेलदोडे बाहेरच्या कपाटात, असं असलं तर आपली जशी धावपळ होते, तशीच!

मात्र एसएसडी असेल तर हा खटाटोप नको. तिच्यात फिरणारं काही नसतंच, उगाच झीज होते. स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅगमेंट’ शोधलं की उघडणाऱ्या खिडकीत डिस्कचा प्रकार दिसतो. हल्लीचं विंडोज घरातल्या संगणकाची ही आवराआवर आपण होऊन आठवड्याला करतं. पण कपाटात पडून असलेली, दिवाळीला जोडायची डिस्क त्यातून सुटते.

आणखी एक. डिस्क टक्‌टक् वाजत असेल, तर आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. आवरताना सगळी डिस्क ढवळली जाते. आजारी डिस्कला ते सोसेलच असं नाही. बाळाचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो काही परत काढता येत नाहीत, बाई! डिस्क धडधाकट असली तरी नक्कल असू द्यावीच. नको असलेलंही आधी पुसा. निदान 15 टक्के जागा मोकळी हवी.

आता चार ओळींची चिठ्ठी. नोटपॅडमध्ये इंग्रजीत ‘डीफ्रॅग’ लिहा, जागा सोडून डिस्कचं अक्षर (समजा डी) आणि त्याला चिकटून कोलन, पुन्हा जागा सोडून तिरपी रेघ आणि ए. रेघ प्रश्नचिन्हाच्या कळीवरची, दुसरी नव्हे. दुसऱ्या ओळीत नुसतं ‘पॉज’. तिसरी ओळ पहिलीसारखीच, फक्त ए-च्या जागी ओ. चौथीत पुन्हा ‘पॉज’. साठवताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन बी-ए-टी लिहा. नाहीतर ती साधी चिठ्ठीच राहते. मग तिच्यावर उजवी कळ दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडायचं.

पहिली ओळ फक्त तपासणी करते आणि गरज आहे की नाही तेही सांगते. नसेल तर तिथेच खिडकी बंद करा. असेल तर कोणतीही कळ दाबा, काम सुरू होतं. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री जेवणं उरकल्यावर लावा, लॅपटॉप चार्जरला जोडलेला असू द्या, आणि मुलांना वायरीला हात लावू नका म्हणून बजावून ठेवा.