डब्याचे दूध, अंगावरचे दूध आणि बाळाचे बद्धकोष्ठ

अंगावरच्या दुधाला डब्याच्या दुधाची जोड मिळाली की पुष्कळ घरांत पहिली तक्रार बाळाच्या पोटाची येते. दिवसातून तीन-चारदा होणारी पिवळी, पातळ शी घट्ट होते, तिचा रंग तपकिरी किंवा हिरवट होतो, मधला एखादा दिवस कोरडा जातो आणि बाळ कुंथताना लालबुंद होते. यावर घराघरांत एक ठरलेले मत आहे. पोट रोज साफ झाले पाहिजे; न झाल्यास ते बद्धकोष्ठ; आणि बद्धकोष्ठ मोडायला घुटी, एरंडेल, मध, पाणी किंवा विड्याच्या पानाचा देठ यांपैकी काहीतरी हवेच. या मताचा पाया आणि त्यावर उभे राहिलेले उपाय, दोन्ही तपासावे लागतात.

आधी ‘रोज’ची अट. आईचे दूध इतके पूर्ण पचते की आतड्यात चोथा फारसा उरत नाही. म्हणून साधारण सहा आठवड्यांनंतर केवळ अंगावर पिणारे बाळ आठवडाभर शी न करताही ठणठणीत राहू शकते, आणि नंतर होणारी शी मऊच असते. डब्याच्या दुधावरची बाळे बहुधा रोज किंवा एक दिवसाआड शी करतात. दोन्ही दूध पिणारे बाळ या दोहोंच्या मध्ये कुठेही बसते आणि त्याची जागा दुधाच्या प्रमाणानुसार बदलते. त्यामुळे दिवस मोजून निदान होत नाही. शी कोरडी, लेंडीसारखी किंवा जाड व कठीण होणे, ती करताना दुखणे, तिला रक्ताची रेघ लागणे ही खरी लक्षणे. आतड्यांच्या विकारांसाठी वापरल्या जाणाऱ्या २०१६ च्या रोम-४ निकषांतही आठवड्यातून दोन किंवा कमी वेळा शी होणे हे अनेक लक्षणांपैकी केवळ एक आहे. निदानासाठी किमान दोन लक्षणे महिनाभर दिसावी लागतात.

दुसरा गैरसमज कुंथण्याचा. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी गुदद्वार सैल सोडायचे, हा मेळ लहान बाळाला जमलेला नसतो. ते दहा मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ कुंथते, रडते आणि शेवटी मऊ शी करते. नऊ महिन्यांच्या आतल्या निरोगी बाळात हे बद्धकोष्ठ नव्हे, शिकण्याचा टप्पा आहे आणि तो आपोआप संपतो. इथे देठ किंवा साबणाची वडी वापरली, तर बाळ बाहेरून चेतवल्याशिवाय शी न करण्याची सवय शिकते. शिवाय देठाने आतली नाजूक त्वचा खरचटते आणि साबणाने ती चरचरते.

पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव खोटा कसा, असा प्रश्न यावर येतो. अनुभव खरा असतो, त्यातून काढलेला निष्कर्ष घसरतो. सहा दिवस शी न केलेल्या बाळाला घुटी दिली आणि सातव्या दिवशी शी झाली, तर श्रेय घुटीला मिळते. पण ते बाळ सातव्या दिवशी तसेही शी करणारच होते. घुटीत सारक मानलेला बाळहिरडा असतो आणि स्तंभक मानलेले मायफळही असते. सहाणेवर कशाचे किती वेढे दिले गेले हे हातागणिक बदलते, म्हणजे मात्रा ठरलेली नसते. सहाण आणि पाणी स्वच्छ नसले तर जुलाबाची भीती वेगळीच. एरंडेल आतड्याला क्षोभ देऊन जुलाब घडवते. शी कडक होण्याचे मूळ कारण त्याने जात नाही, आणि पाजताना तेल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला इजा होते.

मधाबद्दल तर तडजोड नाही. त्यात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. एका वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात, आणि या आजाराचे पहिले लक्षण बहुतेक वेळा बद्धकोष्ठ हेच असते. ज्या त्रासावर मध चाटवला जातो, तोच त्रास जीवघेण्या रूपात मधातून येऊ शकतो.

पाण्याचे मत थोडे वेगळे तपासावे लागते. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, त्यामुळे सहा महिन्यांपर्यंत अंगावर पिणाऱ्या बाळाला विदर्भातल्या उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही. पाण्याने पोट भरले की दूध कमी पिले जाते, आणि जास्त पाण्याने रक्तातले सोडियम उतरून झटके येऊ शकतात. डब्याच्या दुधावरच्या बाळाला काही डॉक्टर दोन वेळच्या दुधाच्या मधल्या वेळेत थोडे उकळून गार केलेले पाणी सुचवतात. पण किती आणि केव्हा, हे बाळ पाहून त्यांनीच ठरवायचे.

नव्या पद्धतीच्या घरांतही चुकीचे निष्कर्ष निघतात. दर आठवड्याला डबा बदलणे, दूध मुद्दाम पातळ करणे, डब्यातल्या लोहाला दोष देणे, आईच्या ताटातले वांगे-बटाटे बंद करणे ही त्याची रूपे. नेहमीच्या प्रमाणातले लोह बद्धकोष्ठ घडवते असे अभ्यासांत दिसलेले नाही. पातळ दुधाने पोषण कमी पडते. आई वांगे खाते म्हणून बाळाची शी घट्ट होत नाही. अंगावरचे दूध ‘पुरत नाही’ म्हणून तेच बंद करणे ही यांतली सर्वांत महागडी चूक, कारण शी मऊ ठेवणारा भाग तोच आहे.

याचे कारण दुधाच्या घडणीत आहे. आईच्या दुधातले पामिटिक आम्ल स्निग्ध रेणूच्या मधल्या जागी बसलेले असते आणि तसेच शोषले जाते. पामतेल वापरलेल्या पुष्कळ डब्यांत ते कडेच्या जागी असते. पचनात सुटे होऊन ते कॅल्शियमशी जुळते आणि न विरघळणारा साबणासारखा क्षार बनतो. शी घट्ट होते ती यामुळे. आईच्या दुधातल्या खास शर्करा मात्र न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात, तिथल्या उपयुक्त जंतूंना पोसतात आणि शी मऊ ठेवतात.

उपायांचा क्रम यावरून ठरतो. आधी अंगावरच्या दुधाचा वाटा वाढवावा: प्रत्येक वेळी आधी अंगावर, मग गरजेपुरते वरचे, रात्रीचे पाजणे चालू, वेळ चुकली तर दूध काढून ठेवणे. मग डब्याचे माप तपासावे. आधी पाणी, नंतर पावडर. चमचा सपाट, दाबून भरलेला नको. त्याच डब्यातला चमचा आणि त्यावर छापलेलेच प्रमाण. ‘अंगी लागावे’ म्हणून टाकलेला जादा चमचा दूध दाट करतो आणि शी आणखी कोरडी होते. त्याबरोबर पाय सायकलसारखे हलवणे, गुडघे हलके पोटाशी नेणे, बेंबीभोवती घड्याळाच्या दिशेने मालीश आणि कोमट पाण्याची आंघोळ यांनी बाळाला आराम मिळतो.

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की नुसत्या पेजेवर आणि मऊ भातावर न थांबता मूगडाळ, लाल भोपळा, पालक, पिकलेली पपई, नासपती कुस्करून द्यावी आणि जेवणाबरोबर थोडे पाणी पाजावे. वर्षाच्या आत गाईचे दूध मुख्य पेय करू नये. एवढ्याने भागले नाही तर लॅक्ट्युलोजसारखे मल मऊ करणारे औषध डॉक्टरांनी वजनानुसार ठरवावे. ग्लिसरीनची बत्तीही त्यांच्या सांगण्यावरून आणि क्वचितच. हट्टी बद्धकोष्ठामागे कधी गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असते. ती पडताळायला दोन ते चार आठवडे ते प्रथिन वगळून पाहतात, आणि ही चाचणीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होते.

काही लक्षणे मात्र घरी थांबण्याची नसतात. जन्मानंतर ४८ तासांत पहिली काळी शी न होणे, पोट टम्म फुगणे, हिरवी उलटी, वजन न वाढणे किंवा फितीसारखी बारीक शी दिसली तर आतड्याच्या भागात चेतापेशी नसण्याचा हर्षस्प्रुंगचा विकार तपासावा लागतो. बाळ मलूल, दूध ओढण्याचा जोर कमी, रडणे क्षीण असेल तर बोटुलिझमचा विचार करावा लागतो. सुस्ती, कोरडी त्वचा आणि मंद वाढ असली तर थायरॉईडची तपासणी हवी. एक महिन्याच्या आतल्या बाळाला कडक शी होत असेल, तर कोणताही घरगुती उपाय करण्याआधी बालरोगतज्ज्ञ गाठावा.