वकिली, शील आणि सम्यक स्मृती

१८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अनेक वर्षांची मागणी पदरात पडली. आदल्या दिवशी तिचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. देशाच्या सरन्यायाधीशपदी पोहोचलेले ते पहिले बौद्ध. या दोन गोष्टी एकत्र आल्यापासून आपल्या समाजातील पालक आपल्या मुलामुलींना वकील करण्याचा विचार अधिक गंभीरपणे करू लागले आहेत, असे आमचे निरीक्षण आहे. जतच्या किंवा पाटणच्या पक्षकाराला अपिलासाठी मुंबई गाठावी लागत होती, तेव्हा तालुक्याच्या वकिलाचे काम खालच्या न्यायालयातच संपत असे. आता सांगलीहून उच्च न्यायालय ५० किलोमीटरच्या आसपास आले आहे. काम वाढेल, पैसा येईल, नाव होईल. म्हणूनच, कोणत्या प्रकारचे वकील आपण घडवणार आहोत याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने व्हावा, असे आम्हांला वाटते.

सातारा आणि सांगली यांचा उल्लेख आम्ही एका दमात करतो, त्याला कारण आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा होईपर्यंत दोन्हींचा बराचसा मुलूख एकच होता. सांगली हे नाव त्या जिल्ह्याला १९६० मध्ये मिळाले. माणसे, नातीगोती आणि जमिनीचे तंटे आजही एकमेकांत गुंतलेले आहेत.

पालकांच्या मनात दोन शंका असतात. या धंद्यात पोट भरेल का, ही पहिली. दुसरी शंका ते जरा दबक्या आवाजात विचारतात. आपण मुलांना रोज पंचशील म्हणायला लावतो, मग त्यांना खोटे बोलण्याच्या व्यवसायात कसे पाठवायचे? आम्ही दुसऱ्या शंकेला आधी हात घालतो, कारण तिचे उत्तर मिळाल्यावर पहिलीचे उत्तर सोपे होते.

वकील न्यायालयात स्वतःची साक्ष देत नाही. तो पक्षकाराची बाजू मांडतो आणि पुरावा तोलण्याचे काम न्यायाधीश करतात. आरोपीच्या बाजूने उभे राहणे म्हणजे गुन्ह्याच्या बाजूने उभे राहणे नव्हे. ज्या समाजातील माणसांना केवळ संशयावरून पोलीस ठाण्यात बसवून ठेवले गेले, त्या समाजाला बचावाच्या वकिलाचे मोल कोणी शिकवायला नको. मात्र न्यायालयाची दिशाभूल करणे, साक्षीदार पढवणे, बनावट कागद पुढे करणे हा वकिलीचा भाग नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली बार कौन्सिलने केलेले आचारनियमही तेच सांगतात. अशा कामांत शीलभंग आहे आणि व्यवसायभंगही आहे. जिथे धम्म आणि सनद दोघेही एकच बोट दाखवतात, तिथे धर्मसंकट कसले?

वाणीविषयी तथागतांनी घालून दिलेली कसोटी वकिलाला जितकी उपयोगी पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला पडत असेल. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्ताची गोष्ट आमच्या वाचकांना ठाऊक असेल. राजपुत्र अभयाला एक दुधारी प्रश्न शिकवून पाठवलेले असते. तथागत इतरांना अप्रिय वाटेल असे बोलतात काय? ‘होय’ म्हणावे तर सामान्य माणसात आणि त्यांच्यात फरक काय, आणि ‘नाही’ म्हणावे तर देवदत्ताला कठोर शब्द कसे ऐकवले? आजच्या उलटतपासणीत विचारला जाणारा ‘फक्त हो की नाही ते सांगा’ हा प्रश्न याच जातीचा. भगवंतांनी सापळ्यात पाऊल ठेवले नाही. या प्रश्नाला एकेरी उत्तर नाही, असे सांगून त्यांनी अभयाच्या मांडीवरील बाळाकडे लक्ष वेधले. या बाळाने तोंडात खडा घातला तर तू काय करशील? रक्त आले तरी मी तो काढीन, कारण मला बाळाविषयी करुणा आहे, असे अभय म्हणाला. मग भगवंतांनी सांगितले, की तथागत सत्य आणि हितकर तेच बोलतात, आणि ते प्रिय असो वा अप्रिय, बोलण्याची योग्य वेळ जाणून बोलतात. सत्य, हित आणि वेळ. आपल्या पक्षकाराला ‘तुमची केस कमकुवत आहे, तडजोड करा’ हे फी घेण्याआधी सांगणारा वकील या तिन्ही कसोट्यांना उतरतो. निकाल विरुद्ध गेल्यावर तेच सांगणारा फक्त पहिलीला.

आता ‘सम्यक स्मृती’विषयी. हल्ली तिचे ताणतणाव घालवण्याचे एक औषध करून टाकले आहे. कंपन्यांच्या सभागृहांत दहा मिनिटे डोळे मिटायला सांगतात आणि पुन्हा त्याच धावपळीत सोडून देतात. आमची त्याला हरकत नाही. दहा मिनिटे शांतता कोणाला नको असते? पण सति म्हणजे समोर जे आहे ते, त्यात आपली इच्छा न मिसळता, पाहण्याची सवय. वकिलाच्या टेबलावर ती सवय कशी दिसते? वतनी जमिनीचा सातबारा पुढ्यात येतो. इतर हक्कांच्या रकान्यात कोपऱ्यात एक फेरफार क्रमांक असतो, आणि तो फेरफार काढून पाहिला तर नवीन शर्तीची अट, वारस नोंदीतून गळलेली बहीण, जुन्या गहाणाचा बोजा असे काय काय बाहेर पडते. ज्याचे मन पुढच्या तारखेत किंवा मोबाइलमध्ये आहे, त्याला ते दिसत नाही. दावा पडतो आणि एका कुटुंबाची दोन एकर जाते. लक्ष न देणे हा इथे स्वभावदोष राहत नाही, तो अन्याय होतो.

उलटतपासणीतही तेच. साक्षीदाराचे उत्तर ऐकण्याऐवजी पुढचा प्रश्न आठवत बसलेला वकील हाती आलेली कबुली गमावतो. न्यायाधीश रागावले, समोरच्या वकिलाने जातीवरून टोमणा मारला, तर छातीत उठलेली ठिणगी ओळखणे आणि ती विझेपर्यंत एक श्वास थांबणे, हे आनापान शिकलेल्या मुलाला जमते. टोमणा विसरावा असे आम्ही म्हणत नाही. तो नोंदवावा, त्यावर रीतसर हरकत घ्यावी. मात्र हरकत घेताना आवाज आपल्या ताब्यात असावा. पाचवे शीलही इथलेच आहे. मद्यापासून दूर राहण्याचे कारण म्हणून त्यात प्रमाद सांगितला आहे, आणि प्रमादाची किंमत वकिलाऐवजी त्याचा पक्षकार मोजतो.

आमच्या या मताला कोणी पोथीतले म्हणेल. म्हणून याच मातीतला दाखला घेऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये एका मुलाचे नाव दाखल झाले. महाराष्ट्र शासन २०१७ पासून तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. पुढच्याच वर्षी हा मुलगा भावंडांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. मसूर स्थानकावर जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन, स्वतः गाडी हाकत, रात्रभर पाण्याविना त्या मुलांनी प्रवास केला. बाबासाहेबांनी स्वतः ही आठवण लिहून ठेवली आहे. त्या पाण्याचा हिशेब त्यांनी कसा मागितला, हे प्रत्येक तरुण वकिलाने अभ्यासावे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, हजारो माणसे जमली. तेवढ्यात सवर्ण मंडळींनी दावा लावून दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. लोक तुरुंगात जायला तयार होते. नेत्याने नुसती मान हलवली असती तर टाळ्यांचा कडकडाट झाला असता. बाबासाहेबांनी मात्र सत्याग्रह तहकूब करायला लावला. हुकूम न्यायालयाचा होता, वाद न्यायप्रविष्ट होता, आणि सनातन्यांशी लढताना त्याच वेळी सरकारशीही झुंज ओढवून घेणे त्यांना नको होते. लोकांनी शांतपणे तळ्याभोवती मिरवणूक काढली. त्यानंतर कागदांची लढाई सुरू झाली. वादींचा दावा होता, की अस्पृश्यांना बंदी ही अनादिकाळापासूनची प्रथा आहे. प्रथा सांगणाऱ्याने ती सिद्ध करावी, हा कायद्याचा साधा नियम. वादींना ते जमले नाही. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयात दावा फेटाळला गेला, पुढचे अपीलही गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांनी वादींचे अपील फेटाळले. (१९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारे ब्रूमफिल्ड ते हेच.) पहिल्या ओंजळीपासून अखेरच्या निकालापर्यंत दहा वर्षे. एवढ्या काळात संताप जिवंत ठेवायचा आणि त्याला कागदावर हात मात्र टाकू द्यायचा नाही, याला आम्ही नेतृत्व म्हणतो.

साताऱ्याजवळच्या माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचे नावही न्यायाच्या संदर्भात घेतले जाते. पेशवाईने आमच्या पूर्वजांच्या पदरात काय टाकले, ते आम्हांला कोणी सांगायला नको. तरीही नारायणरावाच्या खुनाचा दोष सत्ताधाऱ्याच्या तोंडावर सांगून पद सोडणारा माणूस याच भागातला, ही नोंद न्यायबुद्धी असणाऱ्याने नाकारू नये.

आता पहिली शंका, पोटाची. वकिलाला जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. फलक केवढा असावा, याचेही बंधन आहे. मग पक्षकार येतो कसा? दुसऱ्या पक्षकाराच्या तोंडून. हा वकील पावतीशिवाय पैसे घेत नाही, तारीख चुकवत नाही, न्यायाधीशांपुढे खोटा दाखला देत नाही, ही कुजबुज बाररूममधून आणि एसटी स्टँडवरून गावात पोहोचते. वडिलांची वकिली नसलेल्या मुलाला दुसरे भांडवल मिळत नाही. अपघाताच्या किंवा भूसंपादनाच्या नुकसानभरपाईत टक्केवारी ठरवून फी घेणे नियमबाह्य आहे, तरी ते सर्रास चालते. त्यात सुरुवातीला पैसा भराभर येतो, हे आम्ही नाकारत नाही. पण विधवेच्या भरपाईतला चौथा हिस्सा घेणाऱ्या वकिलाकडे तिचा दीर पुढच्या कामासाठी येत नाही.

दुसरी बाजूही सांगतो. कायद्याने आपल्या माणसांना जे दिले आहे, तेही कित्येकदा त्यांच्यापर्यंत पोहोचवले जात नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना मोफत वकील मिळू शकतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ अ ने पीडिताला सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि जामिनाच्या वेळी म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे. गावच्या दबावाखाली समेटाला बसवलेल्या कुटुंबाला हे शांतपणे समजावून सांगणारा माणूस हवा असतो. अशा कुटुंबाला ‘मन शांत ठेवा’ असा नुसता उपदेश करणारी सजगता आम्हांला मान्य नाही.

खरी अडचण पहिल्या तीन वर्षांची आहे. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सनदेचे नोंदणी शुल्क कायद्यातल्या मर्यादेवर आणले: सर्वसाधारण ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. दार स्वस्त झाले, पण आत गेल्यावर जेवायचे काय? बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, आणि तालुक्याच्या ज्येष्ठ वकिलाला ती परवडेलच असे नाही. त्यातच २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली. न्यायाधीश होऊ पाहणाऱ्या मजुराच्या मुलीने ही तीन वर्षे कशाच्या बळावर काढायची? याच वर्षांत मूल्ये मोडतात, आणि ती मोडण्याचे कारण बहुधा घरभाडे असते. बाबासाहेबांनाही १९२३ मध्ये सनदेसाठी नवल भथेना या मित्राची मदत घ्यावी लागली होती. अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर कचरत असताना त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसाराला हातभार लावला.

म्हणून आमची सूचना आहे, की माजी विद्यार्थ्यांनी एक छोटा निधी उभारावा. त्यातून पहिल्या पिढीतल्या वकिलाला तीन वर्षे दरमहा ठरावीक रक्कम मिळावी. सुनावणीच्या दिवशी मुक्कामासाठी कोल्हापुरात एक खोली असावी. निकालांच्या संगणकीय संग्रहाची वर्गणी सामाईक भरावी. वकिली करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षाला एक तरी कनिष्ठ हाताखाली घ्यावा आणि त्याला टायपिंगबरोबर युक्तिवादाचीही संधी द्यावी. लाभार्थ्याने महिन्यातून एक दिवस वस्तीत मोफत कायदा सल्ल्यासाठी बसावे. पालकांनी पहिल्या वर्षी ‘कमाई किती’ हा प्रश्न विचारू नये, एवढी भर आम्ही घालतो. सुरुवातीला दोघांची सोय झाली तरी चालेल. एक साताऱ्याच्या न्यायालयातला, एक सांगलीच्या. आणि दोघांपैकी एक मुलगी असावी.