कुलूप हवंच, पण किल्ली कुठे?

बचत गटांचे हिशेब आता वहीतून लॅपटॉपवर आले. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना तर गावोगावी आधारकार्डं आणि पासबुकांचे फोटो काढले गेले. असा लॅपटॉप पिशवीत घालून आपण एसटीने तालुक्याला जातो. तो चोरीला गेला तर?

'पासवर्ड आहे की!' असं आपण म्हणतो. पण नुसत्या पासवर्डने भागत नाही. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की सगळं वाचता येतं. मे २००६ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्यातल्या कर्मचाऱ्याच्या घरून लॅपटॉप आणि डिस्क चोरीला गेली. सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची माहिती त्यात उघडी पडून होती. पुढे जवळजवळ दोन महिन्यांनी ती सापडली, पण तोवर सरकारची झोप उडाली होती.

यावर उपाय एन्क्रिप्शनचा, म्हणजे डिस्कवरचं सगळं सांकेतिक भाषेत ठेवायचं. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून बहुतेक नव्या लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की, हे आपोआप चालू होतं. चांगलंच आहे. पण दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की मशीन ४८ अंकी किल्ली मागू शकतं. ती नसेल तर दुकानदारही हात टेकतो.

१९ जुलै २०२४ ला हेच जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. कुलूपबंद मशीन सुरू करायला किल्ली हवी, आणि काही ठिकाणी किल्ल्या ठेवलेला सर्व्हरच बंद!

मग कुलूप काढूनच टाकायचं का? मुळीच नाही. मैत्रिणींनो, कुलूप दुसऱ्याने वाचू नये म्हणून असतं आणि बॅकअप आपल्याला परत मिळावं म्हणून. एकाचं काम दुसरं करत नाही.

किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. पण ते खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडलंय का, हे आधी बघा. किल्ली कागदावर उतरवून घरच्या कपाटात ठेवा, एक प्रत विश्वासातल्या माणसाकडे द्या. लॅपटॉपच्या पिशवीत मात्र नको! कामाच्या फायलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढा, तिलाही कुलूप लावा आणि ती घरी ठेवा. तिच्यावरची एखादी फाईल उघडून बघा, कारण न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसता दिलासा. प्रवासात लॅपटॉप 'स्लीप'वर न ठेवता पूर्ण बंद करा, आणि गरज नसलेली माहिती बरोबर नेऊच नका.

बायांनी आपल्या भरवशावर कागद दिलेत. ते उघडे पडू नयेत आणि हरवूही नयेत, दोन्ही जबाबदाऱ्या आपल्याच आहेत.